टायर वाढला, ओढ घटली

अमेरिकेत अॅरिझोना आणि नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवर डेव्हिस नावाचे धरण आहे. धरणाजवळच्या बुलहेड सिटी या गावातून राज्य मार्ग क्रमांक ६८ डोंगराकडे निघतो आणि सुमारे १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटरची उंची गाठतो. म्हणजे सरासरी चढ शेकडा पाच. आपल्या घाटांच्या मानाने तो फारसा कठीण वाटणार नाही. पण वाळवंटी उन्हात, वातानुकूलन यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू ठेवून आणि मागे काही टनांचा ट्रेलर जोडून तो चढायचा, आणि वेग ताशी ४० मैलांच्या (सुमारे ६४ किलोमीटर) खाली येऊ द्यायचा नाही, अशी अट असेल तर? अमेरिकी पिकअप ट्रक किती वजन ओढू शकतो हे ठरविणारी 'एसएई जे २८०७' ही मानक चाचणी याच चढावर बेतलेली आहे. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ती स्वीकारली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिघांनी त्यानंतर काही वर्षांनी, २०१५च्या सुमारास तिचा अवलंब केला. तोवर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडे जाहीर करीत असे आणि दर वर्षी ते फुगत असत.

ही चाचणी होते ती कंपनीने बसविलेल्या टायरवर. नेमकी हीच बाब ग्राहक विसरतो. पिकअप घरी आला की पहिली हौस टायरची. मूळचे ३२ इंची टायर काढून ३५ इंची बसविले की गाडीला रुबाब येतो आणि चिखलात, खडकाळ वाटेवर ती अडकत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या शेजारी अशा उंच गाड्या अनेकांनी पाहिल्या असतील. प्रश्न उद्भवतो तो त्याच गाडीच्या मागे शनिवारी बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा चाकावरचे घर जोडले जाते तेव्हा.

इथे वाचकाच्या मनात एक शंका येणे साहजिक आहे. चाक मोठे असेल तर गाडी हलकी चालते, असाच आपला अनुभव नाही का? बैलगाडीची चाके मुद्दाम मोठी ठेवतात, ती खड्ड्यातून आणि नांगरटीतून सहज निघावीत म्हणूनच. अनुभव खरा आहे, पण बैलगाडीचा बैल चाक फिरवीत नाही. तो जू ओढतो. ती ओढ थेट आसाला मिळते आणि चाक केवळ सोबत लोळते. मोटारीत गोष्ट उलटी असते. इंजिन आसाला पीळ देते, त्या पिळाने चाक फिरते आणि चाकाने जमिनीला मागे रेटले की गाडी पुढे सरकते. पीळ तोच ठेवून चाकाची त्रिज्या वाढविली, तर जमिनीवर पडणारा रेटा त्याच प्रमाणात कमी होतो. लांब दांड्याच्या टोकावर वजन पेलणे जड जाते, तोच हा नियम. मोठे चाक बैलाला मदत करते आणि इंजिनाला अडचणीत आणते.

आता हिशेब पाहू. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपवर सर्रास आढळणारा टायर २७५/६५ आर १८ या मापाचा असतो. यातील २७५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ६५ एवढी बाजूच्या भिंतीची उंची आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. गणित केले की टायरचा एकूण व्यास सुमारे ८१५ मिलिमीटर, म्हणजे ३२ इंच निघतो. ३५ इंची टायरचा व्यास ८८९ मिलिमीटर. वाढ नऊ टक्क्यांची. ऐकायला किरकोळ वाटते. मात्र मागच्या अॅक्सलमधील क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ३.५५ असेल, तर नव्या टायरनंतर गाडी ३.२५ गुणोत्तराची असल्यासारखी वागते. जमिनीवरचा रेटा आठ टक्क्यांहून अधिक घटतो. या गुणोत्तराचे महत्त्व किती, हे कंपन्यांचे टोइंगचे तक्तेच सांगतात. इंजिन तेच, केबिन तीच, फक्त क्राऊन-पिनियन बदलले की ओढण्याची अधिकृत मर्यादा बदलते. तीन-चार टायरांच्या किमतीत आपण नकळत खालच्या रकान्यात जाऊन बसतो, आणि तसे सांगणारा कोणताही कागद हाती पडत नाही.

अलीकडच्या दहा गिअरच्या स्वयंचलित गाड्या ही उणीव काही अंशी झाकतात, हे मान्य करायला हवे. चढावर त्या एक गिअर खाली उतरतात आणि काम भागवतात. पण पहिल्या गिअरच्या खाली गिअर नसतो. थांबलेली गाडी भरल्या ट्रेलरसह चढावरून हलवायची वेळ आली की सगळा ताण टॉर्क कन्व्हर्टरवर येतो आणि गिअरबॉक्सचे तेल तापू लागते. त्यातच ३५ इंची टायर मूळ टायरपेक्षा सहज आठ-दहा किलो जड असतो. हे वजन गाडीत ठेवलेल्या सामानासारखे स्थिर नसते. दर वेळी वेग घेताना ते फिरवावे लागते आणि दर वेळी थांबताना फिरायचे थांबवावे लागते.

चढापेक्षा खरी काळजी उताराची. चढावर गाडी दमली तर फार तर मागच्यांचा हॉर्न ऐकावा लागतो. उतारावर तसे नसते. ट्रक आणि ट्रेलर मिळून सहा टन वजन धरले, तर डेव्हिस धरणाच्या रस्त्याने ९०० मीटर खाली येताना जवळजवळ १५ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा खाते, काही टायर, काही इंजिन. उरलेली सर्व ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन साठते. मोठ्या टायरमुळे इंजिनाची अडवणूक चाकापर्यंत कमी पोचते, आणि ब्रेकही त्याच लांब दांड्याशी झगडत असतात. पूर्वीएवढेच पेडल दाबले तर गाडी पूर्वीपेक्षा कमी आवळली जाते. म्हणून पाय अधिक दाबावा लागतो, ब्रेक अधिक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सैल पडते. खंडाळ्याच्या घाटात गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरा, असे जुने ट्रकचालक का बजावतात, त्याचे कारण हेच. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ठराविक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे, हा त्यातला दिलासा. पण टायर बदलल्यावर ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरविणारे यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते, हे किती जणांच्या लक्षात राहते?

वेगमापकाची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. चाकाच्या किती फेऱ्या झाल्या यावरून गाडी वेग काढते. टायर मोठा झाला की एका फेरीत जास्त अंतर कापले जाते, पण गाडीच्या संगणकाला ते ठाऊक नसते. काटा ताशी ६० मैल दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग साडेपासष्ट मैल असतो. ट्रेलरसाठी खास बनविलेल्या 'एसटी' टायरची मर्यादा, त्यावर वेगळे लिहिलेले नसेल तर, परंपरेने ताशी ६५ मैल धरली जाते. म्हणजे चालक स्वतःला सावध समजत असताना मागचे टायर मर्यादेबाहेर गेलेले असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ५५ मैलांची मर्यादा आहे. तिथे काटा ५५वर ठेवणारा चालक ६०ने जात असतो, आणि पोलिसांचे रडार टायरचे माप विचारीत नाही. वेग नऊ टक्क्यांनी वाढला तर थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा १९ टक्क्यांनी वाढते, हे वर सांगितलेल्या ब्रेकच्या हिशेबात जोडून पाहावे. अंतरमापकही कमी धावतो. त्यामुळे इंधन प्रत्यक्षापेक्षाही जास्त लागते आहे असे वाटते आणि तेल बदलण्याची वेळ उशिरा येते.

जोडणीच्या उंचीकडे सहसा कोणी पाहत नाही. टायरमुळे गाडी पावणेचार सेंटिमीटर वर उचलली जाते. सोबत लिफ्ट किट बसविले असेल तर आणखी आठ-दहा सेंटिमीटर. ट्रेलर ज्या गोळ्यावर टेकतो तोही तितकाच वर जातो, ट्रेलरचे नाक आकाशाकडे वळते आणि भार मागच्या बाजूला सरकतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. तो कमी झाला की वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकच्या लाटेने ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. यावर उपाय स्वस्त आहे. गोळा खाली आणणारा वाकडा दांडा मिळतो. मात्र तो बसविण्याआधी ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून समतल आहे की नाही हे पाहावे लागते.

कंपन्यांना हे सारे माहीत आहे याचा पुरावा त्यांच्याच दालनात उभा असतो. फोर्डच्या २०२१च्या एफ-१५० मालिकेत ३.५ लिटरच्या टर्बो इंजिनाचा, ४०० अश्वशक्तीचा ट्रक योग्य साधनांसह १४ हजार पौंडांपर्यंत (सुमारे ६,३५० किलो) ओढू शकतो. त्याच मालिकेतील रॅप्टरला ४५० अश्वशक्ती आणि ३५ किंवा ३७ इंची टायर आहेत. त्याची मर्यादा ८,२०० पौंड, म्हणजे सुमारे ३,७२० किलो. ताकद जास्त, ओढ कमी. यात टायरपेक्षा मोठा वाटा उड्या झेलण्यासाठी मऊ ठेवलेल्या सस्पेन्शनचा आहे, हे खरे. पण टायर वाढविताना कंपनीने अॅक्सलचे गुणोत्तर ४.१० केले, ही गोष्ट बोलकी आहे.

ज्याला दोन्ही हवे आहे त्यालाही तोच मार्ग. वरच्या उदाहरणातील ट्रकचे मूळ गुणोत्तर ३.७३ असेल आणि ४.१०चे क्राऊन-पिनियन बसविले, तर ३५ इंची टायरवर परिणाम ३.७६ एवढा येतो. म्हणजे गाडी पुन्हा मूळपदावर. चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही अॅक्सल बदलावे लागतात. एकच बदलला तर दोन्ही एकमेकांशी भांडून मोडतात. खर्च दोनेक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक, शिवाय संगणकात टायरचे नवे माप भरून घेणे वेगळेच. एवढे करूनही दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेली वजनाची मर्यादा वाढत नाही, कारण चौकट, ब्रेक आणि स्प्रिंगा त्याच राहतात. ज्याला मुख्यतः ओढायचेच आहे, त्याने ३३ इंचांवर थांबावे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. २७५/७० आर १८ या मापाच्या टायरचा व्यास मूळपेक्षा जेमतेम साडेतीन टक्क्यांनी जास्त आहे. तो जड कामासाठीच्या 'एलटी' प्रकारात मिळतो आणि बहुधा क्राऊन-पिनियनला हात लावावा लागत नाही. हवेचा दाब मात्र जुन्या पट्टीवरून नव्हे, तर नव्या टायरच्या भार-तक्त्यावरून ठरवायचा. नवा टायर बसविल्यावर मोबाइलमधील जीपीएस लावून वेगमापक एकदा ताडून पाहायला खर्च येत नाही.

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजीपाला आणि सिमेंट वाहणारी गाडी. ट्रेलर ओढणारा पिकअप विरळाच. तरीही २०१६मध्ये आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स यांच्यामुळे ही हौस इकडेही रुजली आहे. फरक असा की, इथे प्रश्न भौतिकशास्त्राबरोबर कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. मालवाहू वाहनाच्या नोंदणीच्या नमुन्यात तर टायरचे माप लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.