पहिल्या बर्फात डोंगर चढताना

नोव्हेंबरात हिमाचलातील मॅक्लिओडगंजहून तुम्ही त्रिउंडच्या डोंगरावर निघाला आहात, असे समजा. चढ बराच मोठा. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. म्हणूनच खाली पाऊस असताना वर हिम पडू शकते.

चढताना सुती सदरा घामाने भिजतो. कोरड्या कपड्यात कोंडलेली हवा ऊब राखते. पाणी मात्र हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. थांबताच हुडहुडी भरते. पुढे जीभ अडखळते, बुद्धी मंदावते, आणि ज्याचे त्याला ते कळतही नाही! म्हणून लोकरीचे कपडे घाला, एकमेकांवर लक्ष ठेवा. सोबत्याची जीभ अडखळू लागली, तर त्याला कोरडे कपडे चढवा आणि सगळेच परत फिरा. त्रिउंड काही पळून जात नाही!