एकाच नावाचे दोन जंतू

पावसाळ्यात पोट बिघडले की अनेक घरांत औषधांचा डबा उघडतो. मागे कधीतरी घसा दुखत होता म्हणून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या दोन-तीन गोळ्या पट्टीत उरलेल्या असतात. जंतूच तर मारायचे आहेत, असे म्हणून त्यातली एक घेतली जाते. बहुतेक जुलाबांना अशा गोळीची गरजच नसते. शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणारी जलसंजीवनी पुरते. पण खरी गफलत ‘जंतू’ या शब्दात आहे.

आमांशाचेच पाहा. पोटात मुरडा येऊन रक्त आणि आव पडण्याचा त्रास शिगेला नावाच्या जीवाणूमुळे होतो, तसाच एन्टअमिबा हिस्टोलिटिका या अमिबामुळेही होतो. रुग्णाला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. अमिबा मात्र जीवाणू नव्हे, तो प्रोटिस्ट. पेशीची रचना पाहिली तर तो शिगेलापेक्षा माणसाला जवळचा आहे!

दोघेही एकपेशीय, दोघेही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. शिगेलाची लांबी एक ते तीन मायक्रोमीटर, तर हा अमिबा साधारण २० मायक्रोमीटरचा. जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसते, त्याचा डीएनए पेशीद्रवातच असतो. बाहेरून मात्र त्याला पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची भक्कम भिंत असते. अमिबाचे उलटे. त्याचा डीएनए आपल्या पेशींसारखाच पटलाने वेढलेल्या केंद्रकात असतो आणि ती भिंत त्याला नसतेच. अमॉक्सिसिलिन नेमके ही भिंत बांधण्याचे काम बंद पाडते. जिथे भिंतच नाही, तिथे ते करणार काय? इतर अनेक प्रतिजैविके जीवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असल्याने आपण त्यातून वाचतो. त्याच कारणाने बहुतेक वेळा अमिबाही वाचतो.

अमिबावर चालते ते मेट्रोनिडॅझोल. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या पेशीत शिरल्यावर ते सक्रिय होते आणि तिच्या डीएनएची मोडतोड करते. प्राणवायूविना वाढणाऱ्या काही जीवाणूंवरही ते म्हणूनच लागू पडते. निसर्ग आपल्या वर्गीकरणाला बांधील नाही. मात्र या औषधाने जुलाब थांबले तरी आतड्यात अमिबाच्या पुटी, म्हणजे टणक कवचातली त्याची निद्रिस्त रूपे, उरू शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टर डायलोक्झानाइडसारखे दुसरे औषध देतात. बरे वाटू लागल्यावर नेमके तेच घ्यायचे राहते. आतड्यात टिकून राहिलेला अमिबा पुढे रक्तावाटे यकृतात पोहोचून तिथे गळू करू शकतो.

पुटींचा हा चिवटपणा पाण्यातही दिसतो. शिगेला किंवा पटकीचा जीवाणू क्लोरीनने सहज मरतो. पुटीरूपातले प्रोटिस्ट नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी शहराने १९९३ मध्ये हे अनुभवले. तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्रातील गाळणी कमी पडली आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा प्रोटिस्ट नळांतून घरोघरी गेला. सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतेच. पाणी खळखळून उकळले की मात्र पुटीही मरतात.

जुलाबात रक्त पडत असेल, तर कारण जीवाणू की अमिबा हे अंदाजाने ठरवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली तर नमुना ताजा हवा. पातळ शौचातला हलणारा अमिबा शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. सकाळी घेतलेला नमुना दुपारी प्रयोगशाळेत पोहोचला, तर रोग असूनही अहवालात अमिबा आढळत नाही.