श्रावणबाळचे पैसे पुरे येतात का? पासबुक तपासा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे ज्यांनी सारी उमर मागावर काढली, त्यांपैकी बहुतेकांच्या नावावर प्रॉव्हिडंट फंड नाही. शिलाई कारागीर, हातगाडीवाले, लहान दुकानदार यांचीही तीच गत. अशा बुजुर्गांना आधार असतो तो श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा. दहा रुपयांची उधारी वहीत मांडणारे आपले व्यापारी बंधू घरातल्या या रकमेचा हिशेब मात्र ठेवत नाहीत. सरकार देईल तेवढे घ्यावे, असे समजून चालतात. पण ही खैरात नाही. मंजुरी आदेशाने मिळालेला हा हक्क आहे आणि त्याचा आकडा ठरलेला आहे.

वय ६५ पूर्ण आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेल्या निराधार वृद्धांसाठी ही योजना आहे. महिन्याची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १००० झाली आणि २०२३ मध्ये १५०० झाली. यात 'अ' आणि 'ब' असे दोन गट आहेत आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले 'अ' गटात येतात. त्यांच्या १५०० पैकी २०० रुपये केंद्राचे व बाकीचे राज्याचे असतात. हे दोन्ही हिस्से पुष्कळदा वेगवेगळ्या तारखांना जमा होतात. यादीत नाव नसलेले, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेले 'ब' गटात येतात. त्यांची सगळी रक्कम राज्याकडून येते. (२१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! एवढ्यात घर कसे चालते, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.)

म्हणून तेराशेची नोंद दिसताच 'दोनशे कापले' अशी ओरड करू नये. आधी मंजुरी आदेशावरचा गट पाहावा आणि महिनाभराच्या नोंदी मिळवून पाहाव्यात. उलट प्रकार अधिक नुकसानीचा असतो. तेराशे येत राहतात, केंद्राचे दोनशे बंद पडतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षाचे २,४०० रुपये गेले! वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर केंद्राचा हिस्सा २०० ऐवजी ५०० ठरलेला आहे. तो बदलला की नाही, हेही पाहावे. जन्मतारीख चुकीची लागली असेल तर हा बदल वेळेवर होणार नाही.

२०२४ च्या अखेरीपासून ही रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत आली. पैसे बंद झाले असे वाटले तर प्रथम हे तपासावे की आधार सध्या कोणत्या खात्याशी जोडलेले आहे. मोबाईलचे सिम घेताना किंवा नवे खाते उघडताना दिलेल्या अंगठ्याने जोडणी बदललेली असते. जुने पासबुक कोरे राहते आणि पैसे तिसऱ्याच खात्यात पडून असतात. बँकेत, किंवा आधारच्या संकेतस्थळावर, ही माहिती मिळते.

नावाचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. आधारवर 'मोहम्मद', रेशनकार्डावर 'मो.', बँकेत 'महंमद'. कुठे 'शेख' आधी तर कुठे शेवटी. बायकांच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे माहेरचेच नाव. बँक व आधारमधील नाव एकसारखे करून घेतल्याशिवाय अर्जावर अर्ज करण्यात अर्थ नाही. हयातीचा दाखलाही दर वर्षी द्यावा लागतो. तो राहून गेला तर हयात माणसाचे अनुदान थांबते.

पासबुकात जमेइतकीच खर्चाची बाजूही वाचावी. ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ती जीवनज्योती विम्याची असते. त्या विम्याचे संरक्षण ५५ व्या वर्षी संपते. मग पासष्टी ओलांडलेल्याच्या खात्यातून हप्ता का गेला, हे बँकेला लेखी विचारावे. अंगठा लावून पैसे काढले की छापील पावती घ्यावी. हातात पडलेले आणि पावतीवरचे रुपये तिथेच मोजून जुळवावेत.

फरक आढळल्यास तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत अर्ज द्यावा. सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडावी आणि न मिळालेल्या महिन्यांची नावे लिहावीत. नुसते 'पैसे आले नाहीत' लिहू नये. आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात कोणत्या महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात पाठवली, एवढेच विचारावे. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत व एकाच विषयावर असावा लागतो. फी १० रुपये असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास दाखल्याची प्रत जोडल्यास तीही माफ आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.