जुन्या दप्तराचा नवा रंग

(कपडे पांढरे करण्यासाठी आपण ब्लीच वापरतो. ब्लीचमुळे रंग जातो, हे सर्वांना माहीत असते. पण तो का जातो आणि रंगाबरोबर आणखी काय जाऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत असते. एका जुन्या दप्तराच्या निमित्ताने लेखकाने या पाठात ही माहिती सांगितली आहे.)

उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीत ‘दप्तर’ म्हणजे कागदपत्रांचा गठ्ठा, आणि शाळेची पिशवीसुद्धा! मी आठवीत गेलो, तेव्हा भाईजानचे दप्तर माझ्या वाट्याला आले. ते जाड सुती कॅनव्हासचे होते. रंग गडद निळा. शिवण मजबूत होती, पट्टेही चांगले होते. पण एक बाजू उन्हाने विटली होती आणि पुढच्या खिशावर शाईचा मोठा डाग होता. वर्गात इतरांची नवी दप्तरे पाहिली, की मी माझे दप्तर बाकाखाली सरकवीत असे.

एक दिवस मला एक युक्ती सुचली. पाण्याच्या टाकीत टाकण्यासाठी घरात ब्लीचिंग पावडर आणून ठेवली होती. मी कोणालाही न विचारता तिचा दाट लगदा केला, खिशावर थापला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पाहतो तर डाग गेला होता! खिसा पांढराशुभ्र झाला होता. मला फार आनंद झाला. पण तो आनंद आठ दिवससुद्धा टिकला नाही. एके सकाळी वही काढताना खिशात बोट अडकले आणि कापड जुन्या कागदासारखे फाटले.

माझे अब्बा भिवंडीला कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करीत. त्यांनी खिशाचा तुकडा हातात घेतला आणि बोटांनी चुरला. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटा, तू डाग काढला नाहीस, कापडच काढून टाकलेस.”

मग त्यांनी मला ब्लीचचे काम समजावून सांगितले.

भिवंडीतील यंत्रमागांवर विणलेले कोरे सुती कापड पांढरे नसते. ते पिवळसर असते, कारण कापसालाच थोडा नैसर्गिक रंग असतो. त्याशिवाय सुताला लावलेली खळ कापडात असते. कापड रंगवण्याआधी ही खळ धुऊन काढावी लागते आणि कापसाचा पिवळेपणा घालवावा लागतो. पिवळेपणा घालवण्याच्या या कामाला विरंजन म्हणतात. आजकाल कारखान्यांत यासाठी बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. घरी आपण जे पातळ ब्लीच वापरतो, ते म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण.

पूर्वी हे काम ऊन करीत असे. युरोपात विणकर कापड क्षाराच्या पाण्यात उकळत, आंबट ताकात भिजवत आणि गवतावर उन्हात पसरून ठेवत. हॉलंडमधील हार्लेम शहराच्या आसपासची कुरणे या कामासाठी प्रसिद्ध होती. एक कापड पांढरे व्हायला कित्येक महिने लागत. 1774 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञ शील यांनी क्लोरीन वायू तयार केला. 1785 साली फ्रान्सच्या बर्थोले यांनी क्लोरीन रंग घालवतो, याचा कापडासाठी उपयोग करून दाखवला. पुढे 1799 साली स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट यांनी ब्लीचिंग पावडर बनवण्याचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम काही दिवसांवर आले. गवताची कुरणे मोकळी झाली.

ब्लीच रंग कसा घालवते? रंगाचा प्रत्येक कण मण्यांच्या माळेसारखा असतो, असे समजा. माळ अखंड असेल, तर ती प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि आपल्याला रंग दिसतो. ब्लीच ही माळ तोडते. माळेचे तुकडे झाले, की त्यांच्यात रंग दाखवण्याची शक्ती राहत नाही. रंग धुऊन गेला असे आपल्याला वाटते. खरे तर आधी तो मोडलेला असतो.

पण कापसाचा धागाही अशाच माळांचा बनलेला असतो. त्या माळा फार लांब आणि मजबूत असतात, म्हणून त्या लवकर तुटत नाहीत. ब्लीच योग्य वेळी धुऊन टाकले, तर रंगाच्या माळा तुटतात आणि कापसाच्या बहुतेक शाबूत राहतात. ब्लीच फार दाट असेल किंवा फार वेळ राहिले, तर कापसाच्या माळाही तुटतात. माझ्या खिशाचे नेमके हेच झाले होते. ब्लीचला रंग आणि कापड यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळावा लागतो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अब्बा म्हणाले, “चल, आता राहिलेले दप्तर नीट करू.”

सर्वांत आधी त्यांनी कापड तपासले. दप्तराच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढून त्यांनी चिमट्यात धरला आणि पेटवला. शेजारी पाण्याचे भांडे ठेवले होते. धागा कागदासारखा जळला आणि त्याची मऊ राख झाली. म्हणजे कापड सुती होते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी बनते. आजची बरीच दप्तरे अशा कापडाची असतात. त्यांना ब्लीच लावण्यात अर्थ नाही. पॉलिएस्टरचा रंग सहसा जात नाही आणि नायलॉन पिवळे पडते. लोकर, रेशीम आणि चामडे यांना तर ब्लीच लावूच नये. ते खराब होतात.

नंतर अब्बांनी दप्तराच्या आतल्या कोपऱ्यावर ब्लीचच्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि पाच मिनिटे वाट पाहिली. गडद निळा ठिपका फिकट निळा झाला. ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. गडद रंग पुष्कळदा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो आणि त्यांतील प्रत्येक रंग सारख्याच वेगाने मोडत नाही. म्हणून काळे कापड पांढरे होण्याऐवजी तपकिरी किंवा नारिंगी होते. काही पक्के रंग तर ब्लीचला दादच देत नाहीत.

आम्ही गच्चीवर, मोकळ्या हवेत बसलो. हातांत रबरी हातमोजे घातले आणि अंगात जुने कपडे. दप्तराची लोखंडी बक्कले काढून ठेवली, कारण ब्लीचमुळे लोखंड गंजते. दप्तर आधी साबणाने धुतले आणि ओलेच ठेवले. ओल्या कापडावर ब्लीच सगळीकडे सारखे पसरते.

प्लास्टिकच्या बादलीत अब्बांनी आधी पाणी घेतले आणि मग त्यात पातळ ब्लीच ओतले. दहा वाट्या पाण्याला एक वाटी ब्लीच, असे प्रमाण होते. पाणी थंडच होते. ब्लीचिंग पावडर त्यांनी घेतली नाही. तिचे न विरघळलेले कण कापडावर बसले, तर तिथे भोके पडतात.

दप्तराच्या झाकणाला आम्ही जागोजागी दोऱ्याने घट्ट गाठी मारल्या. बांधणीच्या ओढणीत बांधलेल्या जागी नवा रंग शिरत नाही. इथे बांधलेल्या जागेचा जुना रंग टिकतो. मग दप्तर बादलीत बुडवले आणि काठीने हलवत राहिलो. दर पाच मिनिटांनी अब्बा ते वर काढून पाहत.

पंधरा मिनिटे झाली. मी म्हणालो, “अब्बा, अजून थोडे फिकट होऊ द्या ना!”

ते म्हणाले, “ओले कापड नेहमी गडद दिसते. वाळल्यावर ते आणखी फिकट दिसेल. हवा असलेला रंग यायला थोडा बाकी असतो, तेव्हाच थांबायचे. गेलेला रंग परत आणता येत नाही.”

त्यांनी दप्तर लगेच बाहेर काढले आणि तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळले. तरीही धाग्यांत थोडे ब्लीच उरतेच आणि ते हळूहळू कापड खात राहते. म्हणून त्यांनी एका बादली पाण्यात चमचाभर हायपो टाकला आणि त्यात दप्तर दहा मिनिटे ठेवले. हायपो उरलेल्या ब्लीचचा जोर संपवतो. माशांच्या टाकीतील पाण्याचे क्लोरीन घालवण्यासाठीही तोच वापरतात. शेवटी दप्तर पुन्हा साबणाने धुऊन सावलीत वाळत घातले.

एक गोष्ट अब्बांनी मला दोन-तीन वेळा बजावून सांगितली. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल, व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा अमोनिया कधीही मिसळायचा नाही. आम्लामुळे क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि अमोनियामुळेही विषारी वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात असा वायू जीव घेऊ शकतो. ब्लीच पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. डोळ्यांत थेंब उडाला, तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. मुलांनी हे काम मोठ्या माणसांशिवाय करूच नये.

संध्याकाळी दप्तर वाळले. गडद निळ्याचे आकाशी झाले होते. झाकणावरच्या गाठी सोडल्या, तर आकाशी रंगावर गडद निळी कडी उमटली होती. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा होता. त्याचा रंग गेला नव्हता, त्यामुळे शिवणीच्या निळ्या रेषा उठून दिसत होत्या. उन्हाने विटलेली बाजू मात्र थोडी जास्त फिकट राहिली. फाटलेल्या खिशाच्या जागी अम्मीने अब्बांच्या जुन्या खाकी पँटचा खिसा शिवून दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दप्तर बाकावर ठेवले. शेजारच्या मुलाने विचारले, “नवीन घेतलेस?”

मी म्हणालो, “नाही. भाईजानचेच आहे.”

ते दप्तर मी दहावीपर्यंत वापरले. खाकी खिशात हात घालताना मला अब्बांचे शब्द आठवत. ब्लीच कापडाला काहीच देत नाही, ते फक्त काढून घेते. म्हणून किती काढायचे आणि कुठे थांबायचे, हे आपणच ठरवायचे असते.

शब्दार्थ

विटणे – रंग फिका पडणे
खळ – सुताला मजबुती येण्यासाठी लावतात ती पेज, कांजी
विरंजन – रंग घालवण्याची क्रिया
कुरण – गवताचे मोकळे रान
अखंड – न तुटलेला, सलग
शाबूत – न मोडलेला, चांगल्या स्थितीत असलेला
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
बजावणे – पुन्हा पुन्हा ताकीद देऊन सांगणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाचे दप्तर कोणत्या कापडाचे होते?
(आ) ब्लीचिंग पावडर बनवण्याचे पेटंट कोणी व कोणत्या साली घेतले?
(इ) दप्तराची बक्कले का काढून ठेवली?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या दप्तराचा खिसा का फाटला?
(आ) सुती धागा कसा ओळखावा?
(इ) ब्लीच वापरताना कोणती काळजी घ्यावी?

प्र. 3. “तू डाग काढला नाहीस, कापडच काढून टाकलेस,” असे अब्बा का म्हणाले?

प्र. 4. दप्तर, डाग, रंग, शाई हे शब्द उर्दूत कसे बोलतात व त्यांचा अर्थ काय होतो, ते लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू पुन्हा वापरण्याजोगी कशी केली, ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि मराठीत आठ-दहा ओळी लिहा.