मठाच्या बागेतील औषध व विष

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी, हडसन नदीकाठच्या टेकडीवर 'क्लॉइस्टर्स' हे मध्ययुगीन युरोपीय कलेचे संग्रहालय आहे. १९३८ साली उघडलेल्या या वास्तूत युरोपातील जुन्या मठांचे खांब व कमानी बसविल्या आहेत. मूर्ती व विणलेली चित्रे तर पाहावीतच, पण शेतकऱ्याने खरे थांबावे ते तेथील बागेत.

मध्ययुगात युरोपात लावीत त्या वनस्पती येथे उपयोगाप्रमाणे निरनिराळ्या वाफ्यांत लावल्या आहेत: स्वयंपाकाच्या, औषधाच्या, रंगाच्या. नावाच्या पाट्याही आहेत. खुरासनी ओवा त्यांतलाच. वेदना थांबाव्यात, झोप लागावी म्हणून तो देत. मात्रा वाढली की भ्रम होई, प्राणही जाई.

आपल्या बांधावरचा धोतरा त्याच कुळातला, विषही त्याच जातीचे. तो पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. झाडाची फांदीही सोबत न्यावी.

आम्ही वाचकांस एवढेच सुचवितो: परसातील औषधी झाडांना नावाची पाटी लावा, आणि भाजीच्या वाफ्याजवळ धोतरा वाढू देऊ नका.