बाणाची पिसे

वाराणसीच्या राजाचा ज्येष्ठ पुत्र असदिस हा धनुर्विद्येत अजोड होता, अशी एक पाली जातककथा आहे. राज्य धाकट्या भावास देऊन तो परक्या राजाच्या पदरी धनुर्धर म्हणून राहिला. एकदा त्या राजाने आम्रवृक्षाच्या शेंड्यावरील आंब्यांचा घोस बाणाने पाडण्यास त्यास सांगितले. घोस वर जाणाऱ्या बाणाने पाडावा की खाली येणाऱ्या, असे असदिसाने विचारले आणि राजाच्या इच्छेनुसार दुसरा मार्ग पत्करला. पहिला बाण आकाशात गेला. मागून सोडलेल्या दुसऱ्या बाणाने त्याच्या पुच्छावर आघात करून त्यास परतविले, आणि परतणाऱ्या बाणाने देठ छेदला.

वर गेलेला बाण तोंड फिरवून खाली कसा येईल, या शंकेचे निरसन कथाकाराने दुसऱ्या बाणाकडून करविले. वास्तविक किंचित तिरपा सोडलेला बाण आपण होऊनच तोंड खाली करतो, आणि ते काम त्याच्या पुच्छावरील तीन-चार पिसे करतात.

बाणाचे अग्र जड असल्याने त्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या मध्याच्या पुढे असतो. हवेचा रेटा मात्र मुख्यतः मागील पिसांवर पडतो. बाण थोडा जरी वाकडा झाला, तरी पिसांची रुंद बाजू हवेसमोर येते, हवा पुच्छास बाजूला लोटते आणि बाण पुन्हा आपल्या मार्गाच्या दिशेत येतो. वाऱ्यावरील दिशादर्शक कोंबडाही याच तत्त्वाने फिरतो. शाळेत हे पाहावयाचे असल्यास पेय पिण्याच्या कागदी नळीच्या एका टोकास चिकणमातीचा लहान गोळा लावावा, दुसऱ्या टोकास कागदाच्या तीन पट्ट्या चिकटवाव्या आणि नळी हाताने फेकावी. नंतर पट्ट्या काढून गोळ्याच्या टोकाशी लावाव्या व पुन्हा फेकावी. दुसऱ्या वेळी नळी कोलांट्या खाते. अधिक सांगावे लागत नाही.

पिसांस आणखी एक काम असते. साध्या धनुष्यात बाण दांडीच्या एका बाजूस टेकलेला असतो. प्रत्यंचा मात्र त्यास मध्याकडे ढकलते. तेव्हा बाण लक्ष्याच्या बाजूस न जाता सरळ कसा जातो, हे कोडे दीर्घकाळ सुटत नव्हते. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन याने १९३० नंतरच्या दशकात अतिवेगवान चित्रणाने दाखविले, की सुटताना बाण वेताच्या छडीसारखा लवतो आणि धनुष्यास वळसा घालून पुढे जातो. ही लवलव पुढे पिसे शमवितात. शिवाय पीस धनुष्यास घासले, तर दबून पुन्हा उभे राहते. प्लॅस्टिकचे ताठ पाते घासल्यास बाणच बाजूला उडतो. म्हणून लाकडी धनुष्यास पीसच योग्य.

काशीतील राजघाट येथे १९४० साली रेल्वेच्या कामात प्राचीन नगरीचे अवशेष उघडे पडले, आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयाने तेथे उत्खनन केले. अशा स्थळी हाडाची टोकदार अग्रे मिळतात. पीस मात्र मातीत टिकत नाही. त्याची माहिती ग्रंथांतूनच घ्यावी लागते. चौदाव्या शतकातील 'शार्ङ्गधरपद्धती'च्या धनुर्वेद प्रकरणात हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर इत्यादी पक्ष्यांची पिसे सांगितली असून, प्रत्येक बाणास चार पिसे, प्रत्येक सहा अंगुळे लांब, स्नायूच्या तंतूने बांधावी असे म्हटले आहे. अंगुळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटर धरल्यास ही लांबी साडेदहा ते बारा सेंटिमीटर होते. आजचा लाकडी बाण तयार करणारा कारागीरही साधारण एवढेच पीस घेतो. हवा बदललेली नाही, म्हणून मापही बदलले नाही. पक्ष्यांची यादी मात्र आता चालणार नाही. मोर, गिधाड इत्यादी वन्य पक्ष्यांस १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे. पाळीव हंस किंवा टर्की यांची पंखातील पिसे घ्यावी. टर्की मूळचा अमेरिकेतील, म्हणून प्राचीन ग्रंथकारांस तो ठाऊक नव्हता.

घरी पिसे लावताना प्रथम दांडा सरळ आहे की नाही हे पाहावे. महाजनक जातकातील बाणकर दांडा निखाऱ्यावर तापवून, कांजीने ओला करून, एक डोळा मिटून त्यावरून नजर टाकतो. नजरेची ती रीत आजही उत्तम आहे. मग सर्व पिसे एकाच बाजूच्या पंखातील निवडावी. डाव्या व उजव्या पंखातील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. ती मिसळल्यास एक पीस बाणास एकीकडे फिरविते, दुसरे दुसरीकडे. पिसाचा कणा उभा चिरून, त्याची तळबाजू घासून सपाट करावी.

तीन पिसांच्या जागा ठरविण्यास यंत्राची गरज नाही. कागदाची पट्टी दांड्याभोवती एकदा गुंडाळून टोके जुळतील तेथे कापावी आणि तिचे तीन समान भाग करावे. ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सुमारे २५ मिलिमीटर भरतो, म्हणजे पिसांत जेमतेम ८ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर येते. एक पीस प्रत्यंचेच्या खाचेशी काटकोनात असावे. बाण लावताना ते धनुष्याच्या विरुद्ध दिशेस येते. बोटांसाठी खाचेपासून अडीच सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. पिसे एक-दोन अंश तिरपी बसविल्यास बाण उडताना स्वतःभोवती फिरतो व त्याचे लहानसहान दोष विभागले जातात.

डिंक पातळ लावावा. लाकूड व पीस यांस सेल्युलोज नायट्रेटचा झटपट वाळणारा डिंक चालतो. तो ज्वालाग्राही असल्याने जवळ दिवा असू नये. धातूच्या किंवा कार्बनच्या दांड्यावर प्लॅस्टिकची पाती सायनोअॅक्रिलेटने बसवितात. त्यापूर्वी दांडा पुसून घ्यावा. बोटाचा तेलकटपणाही जोड सुटण्यास पुरतो. सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिन येथे ज्या प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्या कंपाउंड धनुष्यात ५० मीटरांवर अशीच छोटी पाती लावलेले बाण सुटतात.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते पिसाचे पुढील टोक. हवेचा आणि घर्षणाचा पहिला आघात तेथे बसतो. कण्याचे टोक उचकटले असेल आणि बाण हातावरून सुटत असेल, तर ते सुईसारखे मुठीत शिरते. म्हणून प्रत्येक पिसाच्या पुढच्या व मागच्या टोकास डिंकाचा एकेक थेंब द्यावा, पुढचे टोक दोऱ्याने पाच-सहा वेढ्यांत बांधावे आणि दोऱ्यावरही डिंक फिरवावा. बाण रात्रभर वाळू द्यावा. सकाळी पुढून मागे अंगठा फिरवून पाहावा. कोठे टोक लागले, तर तो बाण वापरू नये, पीस सोलून काढावे व नवे लावावे.