एका रेषेमागची बिऱ्हाडं

अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंदेश पडद्यावर नीट पाहता यावेत, म्हणून जॉन हंटर या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी लिहायला घेतली. २००३ मध्ये ती लोकांच्या हाती आली. २०१२ मध्ये हंटर गेला. त्याची लायब्ररी मात्र पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर आहे.

‘प्लॉट’ ही एवढीशी आज्ञा दिली की रेष उमटते. पण रेष सगळ्यात शेवटी येते.

आधी लायब्ररीतला पायप्लॉट हा भाग पाहतो, एखादी फिगर, म्हणजे आलेखाचं अख्खं चित्र, उघडी आहे का? नसेल तर तो नवी तयार करतो आणि तिला कॅनव्हास जोडतो. मग फिगरच्या पोटात आलेखाची चौकट बसते. चौकटीबरोबर दोन अक्ष, चार कडा, खुणा आणि आकडे येतात. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ऑब्जेक्ट असते. हे सगळं जागेवर असलं की रेषेचा ऑब्जेक्ट जन्मतो, आणि आपण कोणत्या चौकटीतले, कोणत्या फिगरमधले, हे त्याच्यावर नोंदलं जातं. शिधापत्रिकेसारखंच आहे हे: नाव एकाच ठिकाणी. तीच रेष दुसऱ्या फिगरमध्ये घालू पाहा, लायब्ररी सरळ एरर देते.

खरी गंमत मोजमापात आहे. काहीच बदललं नाही तर फिगर ६४० बाय ४८० पिक्सेलची असते आणि चौकट आडव्या दिशेने ८० ते ५७६ पिक्सेलपर्यंत पसरते. आडवा अक्ष ० ते १० असेल तर ५ हा आकडा ३२८व्या पिक्सेलवर पडतो. अक्ष २० पर्यंत ताणा, तोच ५ सरकून २०४वर येतो. रेषेतला आकडा तसाच राहतो. बदलतो तो चौकटीकडचा हिशेब, ज्याला ट्रान्सफॉर्म म्हणतात. म्हणूनच झूम करताना रेष नव्याने बनवावी लागत नाही.

चित्र रंगवायची वेळ आली की फिगर आपल्या पोटातल्या प्रत्येकाला क्रमाने हाक मारते: आधी भरीव आकार, मग रेषा, मग अक्षरं. लेबल रेषेखाली दडत नाही ते यामुळे.

पायप्लॉटची एक खोड मात्र त्रासदायक आहे. काढलेली फिगर तो आपणहून सोडत नाही. वीसपेक्षा जास्त उघड्या राहिल्या की इशारा येतो आणि बरेच जण तो वाचतही नाहीत. लूप लावून शेकडो आलेख काढणाऱ्यांनी प्रत्येक आलेख सेव्ह झाला की ‘क्लोज’ लिहावं, नाहीतर मेमरी भरत जाते.